मागचा डावा

तळघरात अकरा आहेत. बारावा काल आला,
पुलापलीकडच्या सुपीरियर गावातून, चोवीस किलोचा.
एक बाजू शेजारच्या हॅल्वरने धरली, एक मी.
जिन्यात अर्ध्यावर धापा टाकत तो म्हणाला,
"एल्मी, तुझ्या वयाच्या बायका मांजरं पाळतात."

मांजराला उघडायला झाकण नसतं.
मी आठ स्क्रू काढले.
आत कुणाच्या तरी घरातली पन्नास वर्षांची धूळ,
फुगलेले दोन कपॅसिटर, एक वाळलेला कोळी.
बाहेर, आवाजाच्या बटणाशेजारी,
चिकटपट्टीचा तुकडा. त्यावर बॉलपेनची रेघ:
याच्या पुढे नको. बाळ झोपलंय.
बाळ आता पन्नाशीचं असेल.
सगळं स्पिरिटने पुसलं. ती पट्टी तेवढी ठेवली.

बाजारात ही यंत्रं टिकली चार-पाच वर्षं, फार तर.
तीन कंपन्या, तीन तऱ्हा;
एकीची तबकडी दुसरीच्या यंत्राला कळेना,
आणि गिऱ्हाइकाला काय सांगावं ते दुकानदाराला.
मग सगळे गुमान दोन स्पीकरांवर परत आले.
शहाणी माणसं.

रायमोने मात्र आणला होता.
त्र्याहत्तर साली, ओकिनावाच्या लष्करी दुकानातून,
पगाराचे, पत्त्यांत जिंकलेले, सगळे पैसे घालून.
आमच्या डलूथच्या घरात, बाहेर सरोवर गोठलेलं असताना,
त्याने चार कोपऱ्यांत चार स्पीकर मांडले,
दोऱ्याने अंतरं मोजली,
आणि दोन कर्ण जिथे छेदतात तिथे
स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली. एकच.
"कान दोन, तर तोंडं चार कशाला?" बाबा म्हणाले,
आणि गोदीवर रात्रपाळीला गेले.

"बस," रायमो म्हणाला.
मी सोळा वर्षांची. बसले.
कंपनीने फुकट दिलेली नमुन्याची तबकडी होती:
टेबल टेनिसचा चेंडू. नुसता चेंडू.
टक्, समोर. टक्, उजवीकडे.
टक्, उजव्या खांद्यामागे,
मग मागून, डावीकडून, इतका जवळ
की मी डोकं खाली घातलं.
रायमो हसला. माझ्या मागे कुठेतरी.
त्या हिवाळ्यात मी रोज बसले.
तो रोज मागे.

एक्याऐंशीत त्याने तो चाळीस डॉलरला विकला,
ट्रकचा गिअरबॉक्स गेला म्हणून. मला विचारलं नाही.
त्यावरून आम्ही सहा वर्षं बोललो नाही.
खरं सांगायचं तर त्यावरून नाहीच,
पण नाव त्याचं घेतलं गेलं.

मी टेलिफोन कंपनीत लोकांच्या तारा जोडल्या, एकतीस वर्षं.
निवृत्त झाले, आणि मेलेल्यांच्या घरांतून हिंडू लागले
जिथे पलंग, काटे-चमचे, सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या असतात.
शोधत होते लाकडावर सिगरेटचा डाग,
नखाएवढा, पुढच्या डाव्या कडेला.
बाराव्यावर डाग आहे.
उजव्या कडेला.

तरी रात्री ॲरिझोनाला फोन लावला.
चेंडू आठवतो का, विचारलं.
तो बराच वेळ खोकला.
"मला काय माहीत कसा फिरायचा," म्हणाला.
"मी कधी खुर्चीत बसलोच नाही.
मागच्या डाव्याची तार ढिली होती.
अंगठ्याने दाबून उभा राहायचो. सोडली की तो मुका."
डाख द्यायचा ना मग, मी म्हणाले. पाच मिनिटांचं काम.
"हो. पण तू रोज आधीच येऊन बसलेली असायचीस."

आज बाराव्यात नवे कपॅसिटर घातले.
हिरवा दिवा लागला. आधी जळक्या धुळीचा वास,
मग तापलेल्या लाकडाचा.
चारही बोलतायत. एकही तार ढिली नाही,
दोनदा पाहिलं.
हॅल्वरला खुर्चीत बसवलंय, टोपी मांडीवर.
कुठे बघायचं, विचारतोय.
समोर, मी सांगते. मागे वळू नकोस.